लॅबच्या चिठ्ठीवरची टिक येते कुठनं

गेल्या पावसाळ्यात बेळगावच्या शहापुरातल्या एका दवाखान्यात सॉफ्टवेअर बसवत होतो. काम एवढंच, की डॉक्टरांनी पेशंटचा त्रास टाकला की त्याला धरून लागणाऱ्या टेस्ट समोर याव्यात, लांबलचक यादीत शोधत बसायला नको. तर डॉक्टरांनी ड्रॉवरमधनं लॅबचं पॅड काढलं आणि म्हणाले, हे असंच्या असं आत घाला की. पॅडवर पहिल्याच ओळीत फुल बॉडी प्रोफाइल, खाली फिव्हर प्रोफाइल, प्रोफाइल म्हणजे एका टिकमध्ये टेस्टचा गठ्ठाच, आणि तापाचा कितवा दिवस ते लिहायला जागाच नाही. पॅड लॅबवाल्यानं फुकट छापून दिलेलं, आता फुकट छापणारा सगळ्यात वर काय छापणार ते वेगळं सांगायला नको.

कितवा दिवस हे का लागतं तर विडाल घ्या, टायफॉईडसाठी करतात ती रक्ताची टेस्ट. १८९६ साली पॅरिसमध्ये फर्नांद विडाल यांनी ही टेस्ट काढली, म्हणजे सव्वाशे वर्षं होऊन गेली, आणि आपल्याकडं अजून ताप आला की विडाल ही पद्धत काही सुटलेली नाही. ती बघते अँटीबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीर रक्तात तयार करतं ती प्रथिनं, आणि अँटीबॉडी तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, त्यात आपल्या भागात टायफॉईड जुनाच, जुन्या अँटीबॉडी बऱ्याच जणांच्या रक्तात असतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी केलेली एकटी विडाल निगेटिव्ह आली तरी कळत नाही आणि पॉझिटिव्ह आली तरी कळत नाही. पण घरी सांगताना काय, तर "विडाल निघालाय", जणू रोगाचंच नाव. डेंग्यूचं पण असंच, पहिल्या पाचेक दिवसांत एनएस१, ती विषाणूचंच प्रथिन शोधते, आणि त्यानंतर आयजीएम, ती अँटीबॉडी शोधते, पॅडवर मात्र दोन्ही शेजारी शेजारी, पेन फिरलं की दोन्हीवर टिक.

आधी हे असं नव्हतं. टेस्ट हातानं व्हायची, टेक्निशियन एकेक परीक्षानळी घेऊन बसायचा, तेव्हा उगाच दहा टेस्ट लिहिल्या तर लॅबमधनं शिव्याच आल्या असत्या. १९५७ मध्ये टेक्निकॉन कंपनीनं लिओनार्ड स्केग्ज यांचं ऑटोअॅनालायझर बाजारात आणलं आणि साठच्या दशकात त्याच घराण्यातली मशीन तासाला ६० नमुने, प्रत्येकावर १२ टेस्ट अशी पळायला लागली. एक करा नाहीतर बारा करा, मशीनला फरक नाही. माझ्या मते प्रोफाइलचा जन्म इथला, आजारानं नाही, मशीननं ठरवलेला. आता नॉर्मल रेंज धरतातच अशी की निरोगी माणसांपैकी ९५ टक्के तिच्यात बसावेत, मग एकमेकींशी संबंध नसलेल्या १२ टेस्ट धडधाकट माणसाच्या केल्या तर निदान एक तरी बाहेर जायची शक्यता जवळपास ४६ टक्के, आणि ती लाल अक्षरात छापून आली की झालं, पुढच्या टेस्ट चालू.

उलट्या बाजूचा विचार पण त्याच काळातला. १९६८ मध्ये लॉरेन्स वीड यांनी मांडलं की पेशंटची नोंद त्याच्या प्रॉब्लेमनुसार लावा, म्हणजे प्रत्येक टेस्ट कशासाठी सांगितली ते दिसेल. १९७६ मध्ये इंडियानापोलिसच्या क्लेमेंट मॅकडोनल्ड यांनी कॉम्प्युटरकडनं डॉक्टरांना सूचना देऊन बघितलं. सूचना असताना ५१ टक्के वेळा पाऊल उचललं गेलं, नसताना २२ टक्केच, आणि त्यांचं म्हणणं असं की यात डॉक्टरच्या ज्ञानाचा दोष नाही, एवढं सगळं लक्षात राहणं माणसाला जमतच नाही. पुढं १९९० मध्ये तिथंच स्क्रीनवर टेस्टची किंमत दाखवून बघितली, टेस्ट १४ टक्क्यांनी कमी झाल्या, पण किंमत दाखवायची बंद केली तसा परिणाम पण ओसरत गेला.

मला सगळ्यात आवडतं ते नेदरलँड्सचं काम, २००१ चं. काही फॅमिली डॉक्टरांना टेस्टची नुसती छोटी यादी दिली, बाकीच्यांना असा फॉर्म दिला की आधी कारण निवडा मगच टेस्ट दिसतील. छोट्या यादीवाल्यांच्या एका चिठ्ठीवर सरासरी ६.९ टेस्ट, कारण विचारणाऱ्यांच्या ५.५. कुणाला मनाई केली नव्हती, जास्तीची टेस्ट लावायची मुभा होतीच, फक्त आधी विचारलं की कशासाठी.

नावांचा गोंधळ वेगळाच. रक्तातल्या पेशी मोजायच्या टेस्टला एक लॅब सीबीसी म्हणते, दुसरी हिमोग्राम, कॉम्प्युटरला त्या दोन टेस्ट वाटतात. त्यासाठी १९९४ पासून लॉइंक कोड आहेत, म्हणजे प्रत्येक टेस्टला सगळीकडं एकच नंबर, आपल्या केंद्र सरकारनं पण २०१३ मध्ये आणि परत २०१६ मध्ये जे ईएचआर, म्हणजे पेशंटच्या कॉम्प्युटरवरच्या नोंदींचे, स्टँडर्ड काढले त्यात ते घेतलेत. लॅबच्या याद्या कोडशी जुळवण्यात माझे चार दिवस गेले, त्यावर जास्त बोलत नाही.

पण बाहेरचा नियम तसाच्या तसा उचलला तर आपल्याकडं चालत नाही. बेळगावात पेशंट येतो खानापूरचा, चंदगडचा, चोर्ला घाटाखालचा. माकडताप, म्हणजे रानातल्या गोचिडींकडनं येणारा क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ मध्ये शिमोग्याकडं सापडला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीला आणि २०१६ मध्ये दोडामार्गला पोचला. तिकडं नेमका काजूच्या हंगामात येतो. मग जानेवारी ते मेमधल्या तापाला "काजूत, रानात गेला होता का" हा प्रश्न आधी यायला नको? तो टाकला. उत्तर हो आलं तर विडाल खाली जाते आणि सरकारी दवाखान्याला कळवून नमुना पाठवायची सूचना वर येते.

कितव्या दिवसाचा बॉक्स टाकला तर तो आठवडाभर रिकामाच. रिसेप्शनवरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ओ, आकडा कोण सांगतंय, लोक म्हणतात संकष्टीपासनं अंग मोडून आलंय, नाहीतर मागच्या बाजारापासनं. मग आकड्याचा बॉक्स काढला आणि तिथं कॅलेंडर लावलं, त्यात संकष्टी, एकादशी, अमावस्या आणि गावोगावच्या बाजाराचे वार. बाई आता संकष्टीवर बोट ठेवतात, दिवस सॉफ्टवेअर मोजतं.