सोयाबीन चेकऑफची रिसर्च ग्रँट: अर्ज नेमका कुठे अडकतो

अकोला, परभणी, राहुरीहून शिकून अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या विद्यापीठांत आलेली आपली बरीच मंडळी सोयाबीनवर काम करतात. त्यांचे ग्रँटचे अर्ज पाठवण्याआधी वाचून देण्याचं काम हळूहळू माझ्या गळ्यात पडलंय. परत आलेले अर्जही बघायला मिळतात. विज्ञान कच्चं म्हणून परत आलेले त्यात थोडेच. बाकीचे त्याच त्या चार-पाच जागी ठेच खातात.

आधी पैसा कुणाचा ते बघा. अमेरिकेच्या 1990 च्या केंद्रीय कायद्यानुसार शेतकरी सोयाबीन विकतो तेव्हा पहिला खरेदीदारच निव्वळ किमतीतून अर्धा टक्का कापून घेतो. हाच चेकऑफ. बुशेलला, म्हणजे साधारण 27 किलोला, 10 डॉलर भाव असेल तर 5 सेंट. त्यातला निम्मा वाटा राज्याच्या सोयाबीन बोर्डाकडे राहतो, निम्मा युनायटेड सोयाबीन बोर्डाकडे, म्हणजे देशपातळीवरच्या बोर्डाकडे जातो. देखरेख अमेरिकेच्या कृषी खात्याची, पण पैसे कशावर खर्चायचे हे शेतकरी संचालक ठरवतात. तुमचा अर्ज वाचणारा माणूस कालपर्यंत कंबाइनवर बसलेला असू शकतो.

अर्ज कोण करू शकतो? बोर्ड बहुतेकदा विद्यापीठाशी किंवा संस्थेशी करार करतं, व्यक्तीशी नाही. त्यामुळे मुख्य संशोधक, म्हणजे पीआय, कोण होऊ शकतो हे तुमचं विद्यापीठ ठरवतं. पोस्टडॉकला, म्हणजे पीएचडीनंतर गाइडच्या हाताखाली संशोधन करणाऱ्याला, बऱ्याच ठिकाणी ती मुभा नसते, किंवा विभागप्रमुखाची वेगळी परवानगी लागते. हे अर्ज लिहून झाल्यावर कळतं आणि मग शेवटच्या दिवशी गाइडचं नाव वर, आपलं खाली. आधीच विचारा.

बायोडेटा, बजेटचा तक्ता, चालू असलेल्या ग्रँट्सची यादी ही नेहमीची कागदपत्रं. फॉर्म बोर्डाचाच वापरा, जुन्या अर्जातला चिकटवू नका.

खरं घोडं अडतं ते ओव्हरहेडवर, म्हणजे इमारत, वीज, ऑफिस अशा खर्चापोटी विद्यापीठ ग्रँटवर जी टक्केवारी लावतं तिच्यावर. विद्यापीठाचा ओव्हरहेडचा दर 50 टक्क्यांच्या आसपास, कुठे त्याहूनही वर असतो. शेतकऱ्यांची बोर्डं बहुधा तो देत नाहीत, किंवा अगदी थोडा देतात. विद्यापीठाचं ग्रँट ऑफिस म्हणतं, ‘देत नाहीत ना, मग तसं त्यांचं लेखी धोरण आणा.’ बोर्डाचा कर्मचारी फोनवर सांगतो, ‘अहो, आम्ही कधीच देत नाही, सगळ्यांना माहीत आहे.’ सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट कागदावर कुठे आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. प्रस्ताव मागवणारी सूचना निघाली की त्यातलं ओव्हरहेडचं वाक्य असलेलं पान त्याच दिवशी उतरवून ठेवा. सूचनेत नसेल तर ईमेलने विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एका मुलीचा चांगला अर्ज एवढ्या एका कागदासाठी आठ दिवस टेबलावर पडून राहिला आणि मुदत गेली.

मुदतीचंही तसंच. सूचनेतली तारीख बोर्डाची. विद्यापीठाची आतली मुदत त्याच्या कितीतरी दिवस आधी असते, आणि अधिकृत सही ग्रँट ऑफिसची लागते, तुमची नाही. शिवाय काही ठिकाणी आधी एक-दोन पानी प्राथमिक प्रस्ताव मागतात आणि निवडलेल्यांनाच पूर्ण अर्जाचं बोलावणं येतं. दुसरी तारीख वाचून निवांत बसलेले लोक मी पाहिलेत. पहिली तारीख केव्हाच होऊन गेलेली असते.

आता पिकाचं कॅलेंडर. युनायटेड सोयाबीन बोर्डाचं आर्थिक वर्ष 1 ऑक्टोबर ते 30 सप्टेंबर. मिडवेस्टात पेरणी साधारण मे महिन्यात, काढणी सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. म्हणजे एका वर्षाच्या प्रकल्पात उत्पादनाचे आकडे हाती येण्याआधी वर्ष संपतं! तरी लोक ‘पहिल्या वर्षअखेर उत्पादनाची तुलना’ असं बिनधास्त लिहितात. राज्याच्या बोर्डाचं वर्ष वेगळं असू शकतं, ते बघून घ्या. पण कबूल तेवढंच करा जे त्या तारखेला शेतात उभं असेल.

सोप्या भाषेतला सारांश शेवटच्या रात्री लिहू नका, पुष्कळदा निर्णय त्यावरच होतो. एका अर्जात होतं, ‘पीआय 88788 स्रोताच्या प्रतिकारक्षमतेशी सिस्ट सूत्रकृमीच्या समूहांचं अनुकूलन तपासणे.’ (हा पीआय म्हणजे संशोधक नव्हे, वाणाचा क्रमांक.) आम्ही ते असं केलं: ‘ज्या प्रतिकारक वाणावर तुमचा भरवसा आहे, त्याच्याही मुळांवर आता सूत्रकृमी वाढू लागलाय. तुमच्या कुठल्या शेतात वाण बदलायला हवा, ते आम्ही मातीच्या नमुन्यावरून सांगू.’ विज्ञान तेच.

एक वाक्य मात्र चुकूनही लिहू नका: ‘या निष्कर्षांच्या आधारे तणनाशकाच्या नियमांत बदल व्हावा यासाठी प्रयत्न करू.’ चेकऑफचा पैसा कायदे किंवा सरकारी धोरण वळवण्यासाठी वापरायला कायद्यानेच मनाई आहे. हेतू कितीही चांगला असो.

चेकऑफच्या पैशातून झालेल्या प्रकल्पांचा राष्ट्रीय डेटाबेस खुला आहे, त्यात आपला विषय आधी शोधा. शेजारच्या राज्याने तेच काम करून घेतलं असेल तर संचालक पहिला प्रश्न तोच विचारतील. तुम्ही अर्जातच सांगा की ते कुठवर आलं आणि तुम्ही पुढे काय करणार.

राहिलं शेतकऱ्याचं पत्र. प्रयोग शेतकऱ्याच्या रानात घेणार असाल तर किती एकर देणार, पेरणी-काढणी कोण करणार आणि प्लॉट बिघडला तर नुकसान कोण सोसणार, एवढं त्यात हवं. ‘आमचा पाठिंबा आहे’ एवढ्याने भागत नाही. आणि हे पत्र फेब्रुवारीत मागा. मे महिन्यात तो दिवसभर प्लँटरवर असतो, ईमेल बघत नाही.