भुरी म्हणजे गाय की रोग?

निफाड तालुक्यातून मामांचा निरोप आला: ‘बागेत भुरी आलीय. रविवारी फवारणी आहे, नंतर ये.’ शेजारी बसलेल्या पुण्याच्या मित्रानं तो वाचून विचारलं, “कुणाची गाय शिरली?” द्राक्षवेलीच्या पानावर पीठ भुरभुरल्यासारखी पांढरी बुरशी म्हणजे भुरी, हे आमच्याकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. मुद्दाम कुणी शिकवत नाही, कानावर पडून कळतं.

संगणकाला कान नाहीत, पण वाचायला मजकूर ढीगभर आहे. १९९२ साली संगणकशास्त्रज्ञ मार्टी हर्स्ट यांनी एक साधी युक्ती मांडली. इंग्रजी वाक्यात ‘सच अ‍ॅज’ (म्हणजे ‘जसे की’) दिसलं की आधी गटाचं नाव असतं आणि नंतर त्यातली उदाहरणं. अर्थ कळला नाही तरी चालतं, खूण कळली की पुरे. मराठीत खूण उलटी पडते: ‘भुरी, डाऊनी, करपा यांसारखे रोग’. इथे उदाहरणं आधी, गट शेवटी. शिवाय आपले शब्द रूप बदलतात. करपा पडतो, पण फवारणी करप्यावर करतात. हे दोन्ही एकच, हे यंत्राला आधी उमगायला हवं.

ही कल्पना पुढे नेली ‘नेल’ (नेव्हर-एंडिंग लँग्वेज लर्नर) या संगणक-प्रणालीनं. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल यांच्या गटानं ही प्रणाली जानेवारी २०१० मध्ये सुरू केली. शहरं, कंपन्या, भाज्या अशा प्रत्येक गटाची मोजकी उदाहरणं द्यायची आणि तिला रात्रंदिवस इंटरनेट वाचायला सोडायचं. उदाहरणांवरून ती वाक्यांच्या खुणा शोधे, खुणांवरून नवी उदाहरणं.

यात एक चूक दहा चुकांना जन्म देते. बेकरीच्या पदार्थांत नेलनं केक, पाव, कुकीज बरोबर ओळखले. मग ‘इंटरनेट कुकीज’, म्हणजे संकेतस्थळं आपल्या संगणकावर ठेवतात त्या छोट्या नोंदी, त्याही त्याच बरणीत गेल्या. लोक त्या डिलीट करतात असं तिनं वाचलं होतं. पुढे लोक फाइल्सही डिलीट करतात हे वाचलं, आणि फाइल्सही बेकरीत! शेवटी मिचेल यांनी ती चूक हातानं दुरुस्त केली. अशा घसरणीला आवर म्हणून नेलमध्ये काही बंधनं घातलेली होती: शहर असेल तर ती व्यक्ती नाही, वगैरे. पण माहीत नसलेल्या गटाला बंधन कुठून घालणार?

चॅटबॉटमागची आजची भाषा-प्रारूपं (लँग्वेज मॉडेल्स) नेलसारखी गटवार नोंदवही ठेवत नाहीत. पुढचा शब्द कोणता, याचा अंदाज बांधत ती शिकतात. आजूबाजूला पान, बुरशी, गंधक असे शब्द असले तर भुरी रोगाकडे झुकते. दूध, गोठा असला तर गायीकडे. मामांच्या छोट्याशा निरोपात तसे आधार दोनच: बाग आणि फवारणी. ‘गोडी छाटणी’ (फळं धरण्यासाठी द्राक्षवेलीची छाटणी) वाचून तर यंत्र मिठाईच्या दुकानात गेलं तरी मला नवल वाटणार नाही.

मामांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “भुरी पांढरी, डाऊनीही पांढरीच. वाचून कसं कळेल रे त्याला?” आणि त्यांनी एक पान उलटलं. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी लव. डाऊनी होती.