खांदा का दुखतो? दुर्बिणीच्या ऑपरेशनातल्या वायूची पार्श्वभूमी

गर्भपिशवी किंवा अंडाशयाची गाठ दुर्बिणीतून काढायची ठरली, की कळवा असो वा नेरूळ, घरात पहिला प्रश्न येतो तो टाके किती पडणार याचा. नंतर खांदा का दुखतो, हे आधी फारसं कोणी सांगत नाही. ते दुखणं पोट फुगवायला भरलेल्या वायूमुळे येतं, आणि या शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचा बराचसा इतिहासही या वायूचाच आहे.

१९०१ मध्ये जर्मनीत गेओर्ग केलिंग यांनी कुत्र्याच्या पोटात गाळलेली हवा भरून आत पाहिलं. १९१० मध्ये स्वीडनच्या याकोबेयस यांनी माणसाच्या पोटात. खरा धोका वायू भरायला आंधळेपणाने आत शिरणाऱ्या पहिल्या सुईचा होता. १९३८ मध्ये हंगेरीच्या यानोश व्हेरेश यांनी स्प्रिंगची सुई आणली, तीही क्षयरोग्यांच्या छातीत हवा सोडण्यासाठी. पोटात शिरताच तिचं बोथट टोक पुढे येतं. पॅरिसचे स्त्रीरोगतज्ज्ञ राऊल पामर यांनी पोटातल्या दाबावर लक्ष ठेवायचा आग्रह धरला आणि जर्मनीतल्या कीलच्या कुर्ट सेम यांनी तो आपोआप राखणारं यंत्र बनवलं. कार्बन डायऑक्साइड स्थिरावला, कारण तो पेट घेत नाही आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे निघून जातो. साधी हवा रक्तवाहिनीत शिरली तर जीवावर बेतू शकतं.

म्हणूनच २०१४ ची बातमी आजही संताप आणते: ओडिशातल्या अंगुल जिल्ह्यात नसबंदी शिबिरात ५६ बायकांची पोटं सायकलच्या पंपाने फुगवली गेली. त्याच महिन्यात छत्तीसगडच्या बिलासपूरमध्ये शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. तिथे एकाच सर्जनने काही तासांत ८३ शस्त्रक्रिया उरकल्या होत्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं.

आता खांद्याबद्दल. उरलेला वायू श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूच्या पडद्याला, डिवचतो. या पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंतून जाते. दाब शक्य तितका कमी ठेवला आणि शेवटी भूलतज्ज्ञाने फुप्फुसं फुगवून वायू बाहेर ढकलला, तर हे दुखणं कमी होतं. ऑपरेशनआधी याबद्दल जरूर विचारा. घरी आल्यावर खांदा रोज थोडा हलका वाटायला हवा. पोटदुखी वाढली, ताप आला, पोट फुगलं किंवा दम लागला, तर ‘वायूच असेल’ म्हणून थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.