वृद्धाश्रमांतील नियमित कोविड तपासणी : संचालक व कुटुंबीयांसाठी माहिती

कोणालाही ताप किंवा खोकला नसताना पुन्हापुन्हा तपासणी कशासाठी, असा प्रश्न तपासणी करणाऱ्या आमच्या पथकाला वृद्धाश्रमांचे संचालक आणि रहिवाशांचे कुटुंबीय नेहमी विचारतात. बाधित व्यक्ती लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच संसर्ग पसरवू शकते, आणि काहींना लक्षणे शेवटपर्यंत दिसत नाहीत. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एका शुश्रूषा केंद्रात रहिवाशांची सरसकट तपासणी झाली, तेव्हा बाधित आढळलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना नमुना घेताना कोणतीच लक्षणे नव्हती. त्यांच्यापैकी बहुतेकांना ती पुढील काही दिवसांत दिसू लागली. शिवाय वृद्धांमध्ये ताप येईलच असे नाही. अन्नावरची वासना उडणे, अचानक गोंधळल्यासारखे होणे, तोल जाऊन पडणे एवढीच खूण असू शकते.

कर्मचाऱ्यांची तपासणी रहिवाशांपेक्षा अधिक वेळा व्हावी, असा आमचा आग्रह असतो. रहिवासी सहसा आवारातच असतात. कर्मचारी मात्र रोज घरी जातात, प्रवास करतात, आणि काही जण एकाहून अधिक ठिकाणी काम करतात. इंग्लंडमध्ये जुलै २०२० मध्ये जाहीर झालेल्या योजनेत याच विचाराने कर्मचाऱ्यांसाठी दर आठवड्याला, तर रहिवाशांसाठी दर २८ दिवसांनी तपासणी ठरवली होती. स्वयंपाकी, सफाई कामगार, रात्रपाळीचे आणि बदली कर्मचारी यांची नावे यादीतून सहज सुटतात, म्हणून यादी करताना पाळीपत्रक समोर ठेवावे.

आरटी-पीसीआर चाचणी अधिक संवेदनशील आहे, म्हणजे थोडासा विषाणूही ती ओळखू शकते, पण तिचा अहवाल प्रयोगशाळेतून येतो. अँटिजेन चाचणीचा निकाल साधारण अर्ध्या तासात कळतो. मात्र विषाणूचे प्रमाण कमी असेल तर तिच्यातून संसर्ग निसटू शकतो. अहवाल यायला तीन-चार दिवस लागणार असतील, तर तोपर्यंत बाधित कर्मचारी कामावर येत राहण्याचा धोका असतो. अशा वेळी वारंवार केलेली अँटिजेन चाचणी अधिक उपयोगी पडते. लक्षणे असूनही अँटिजेन अहवाल निगेटिव्ह आला, तर आरटी-पीसीआर करून घ्यावी.

निगेटिव्ह अहवाल फक्त नमुना घेतला त्या वेळेपुरता खरा असतो. लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत १४ दिवसही जाऊ शकतात आणि सुरुवातीच्या दिवसांत चाचणीत काही सापडत नाही, म्हणून मास्क, हातांची स्वच्छता आणि खेळती हवा यांत सूट नको. उलट, बरे झाल्यावरही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. त्यामुळे नुकतीच बाधा होऊन गेलेल्यांची माहिती आम्हाला आधीच द्यावी.

घशातून नमुना घ्यायचा असल्यास त्यापूर्वी अर्धा तास काही खाऊ-पिऊ नये. स्मृतिभ्रंश असलेल्या आजी-आजोबांच्या वेळी त्यांच्या ओळखीचा काळजीवाहक शेजारी असावा; त्यांनी नकार दिल्यास आम्ही बळजबरी करत नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारतो. ज्यांना स्वतः संमती देता येत नाही, त्यांच्याबाबत कुटुंबीयांशी आणि डॉक्टरांशी आधी बोलणे झालेले असावे.

संचालकांना एक कळकळीची विनंती आहे. पॉझिटिव्ह आलेल्या कर्मचाऱ्याचा विलगीकरणातील पगार कापू नये. पगार जाण्याची भीती असेल, तर माणूस लक्षणे लपवतो आणि तपासणीच्या दिवशी रजा टाकतो. विलगीकरणातील पगारी रजेचा निर्णय पहिल्या तपासणीपूर्वीच सर्वांना लेखी कळवावा.