सीबी रेडिओ : जुन्या संचांची दुरुस्ती व फेरबदल (बेळगाव सीमाभाग)

सिटिझन्स बँड, म्हणजेच सीबी, हा २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा बिनतारी संभाषणाचा पट्टा. हौशी रेडिओसारखी परीक्षा न देता कोणालाही बोलता यावे, म्हणून तो राखलेला आहे. अमेरिकेत तो १९५८ मध्ये सुरू झाला. आधी त्यात २३ चॅनेल होते, १ जानेवारी १९७७ पासून ४० झाले. तिकडच्या ट्रकचालकांनी त्याला लोकप्रिय केले, पण निपाणी, संकेश्वर, बेळगाव असा जाणाऱ्या आपल्या पुणे–बंगळूर महामार्गावर तो कधी रुजला नाही. त्याचे कारण कायद्यात होते. १९३३ च्या कायद्यानुसार बिनतारी यंत्र विनापरवाना नुसते जवळ बाळगणे हासुद्धा गुन्हा होता. म्हणून बेळगाव, खानापूर भागात एखादा जुना संच हाती लागलाच, तर तो कोणाच्या तरी सामानातून परदेशाहून आलेला असणार आणि बरीच वर्षे माळ्यावर पडून असणार, हे धरून चालावे.

भारतात २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवानामुक्त झाला. त्याला अटी दोन : प्रभावी प्रक्षेपित शक्ती ५ वॅटपर्यंत आणि अँटेना संचातच बसवलेला. बिनतारी हा केंद्राचा विषय असल्याने कोगनोळीचा नाका ओलांडून कागलला गेले तरी नियम तोच राहतो. सीमाभागात असे विषय फार नाहीत. जुने २३ चॅनेलांचे संच २६.९६५ ते २७.२५५ मेगाहर्ट्झमध्ये चालतात, म्हणजे भारतीय पट्ट्यात पूर्ण मावतात. ४० चॅनेलांच्या संचाचे २८ ते ४० हे चॅनेल मात्र पट्ट्याबाहेर पडतात. तेव्हा जास्त चॅनेलांचा संच जास्त चांगला, हा हिशेब इथे उलटा आहे. गाडीत बसवायच्या संचाला तर बाहेरचा अँटेना लागतोच, आणि तिथे दुसरी अट मोडते. सवलतीत नीट बसतात ते हातात धरायचे, स्वतःची दांडी असलेले संच.

दुरुस्तीची सुरुवात पेच काढून नुसते बघण्यापासून करावी. संच थेट गाडीच्या बॅटरीला जोडू नये. बॅटरी बिघाडालाही भरपूर करंट पुरवते आणि सर्किटच्या पाटीवरच्या तांब्याच्या रेषा जळून उठतात. करंटला मर्यादा घालता येणारा १३.८ व्होल्टचा पुरवठा वापरावा. कोणीतरी पूर्वी वायरी उलट्या लावलेल्या असणे हा नेहमीचा प्रकार. अशा वेळी पुरवठ्याला आडवा लावलेला रक्षक डायोड शॉर्ट होतो आणि फ्यूज उडत राहतो. फ्यूजच्या जागी तार गुंडाळलेली दिसली, तर पुढच्या खर्चाची तयारी ठेवावी. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर वयाने सुकतात किंवा गळतात. ते सरसकट बदलणे शहाणपणाचे, पण एकेक काढून, ध्रुवता पाहून. खानापूर, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात राहिलेल्या संचात चॅनेलच्या खटक्याचे संपर्क काळे पडतात, आवाजाच्या बटणात खरखर येते. तिथे काँटॅक्ट क्लीनर हवा, कुलपात घालायचे तेल नव्हे.

२३ चॅनेलांच्या संचाची खरी गंमत क्रिस्टलमध्ये, म्हणजे चॅनेलची फ्रिक्वेन्सी ठरवणाऱ्या स्फटिकांत आहे. प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र क्रिस्टल देणे महाग पडे, म्हणून नेहमीच्या रचनेत १४ क्रिस्टलांवर भागवलेले असे : सहांचा एक गट सामाईक, चारांचा ग्रहणासाठी आणि चारांचा प्रक्षेपणासाठी. सहा गुणिले चार म्हणजे चोवीस जोड्या, त्यांतली एक मोकळी. त्यामुळे बिघाड हत्यार न लावताही ओळखता येतो. लागोपाठचे चार चॅनेल दोन्हीकडून मेले, तर सामाईक गटातला एक क्रिस्टल गेला. दर चौथ्या चॅनेलवर ऐकू येत नाही पण बोलता येते, तर दोष ग्रहणाच्या चारांपैकी एकात. पुढच्या पीएलएल संचांत, म्हणजे मोजक्या क्रिस्टलांवरून इलेक्ट्रॉनिक सर्किटने सगळे चॅनेल तयार करणाऱ्या संचांत, ही सोय नाही. तिथे फ्रिक्वेन्सी काउंटर आणि सर्किटचा नकाशा दोन्ही लागतात.

कॉइल जुळवण्यासाठी फिरवायचे फेराइट गाभे शेवटी आणि प्लॅस्टिकच्या पेचकसानेच फिरवावेत. मेण लावून बसवलेला गाभा जोर लावल्यास तुटतो, आणि तुटलेला गाभा बाहेर काढणे जिकिरीचे असते. प्रक्षेपण तपासताना ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी जोडायचा रोध, हवाच. मोकळ्या सॉकेटवर बटण दाबून धरले, तर शेवटचा ट्रान्झिस्टर जाऊ शकतो. त्या जागी बऱ्याच संचांत असलेला २एससी१९६९ आता मूळ कंपनी बनवत नाही आणि बाजारात नकली माल बराच फिरतो.

फेरबदलांत सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत निरर्थक म्हणजे मॉड्युलेशनचा लिमिटर, म्हणजे लहरीवर चढणाऱ्या आवाजाला मर्यादा घालणारा भाग, तोडणे. आवाज दमदार झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात मॉड्युलेशन शंभर टक्क्यांपुढे जाऊन आवाज फाटतो आणि १० किलोहर्ट्झवरच्या शेजारच्या चॅनेलवर सांडतो. शक्ती वाढवण्याचेही तसेच. ती दुप्पट केली तरी समोरच्या मीटरवर फरक ३ डेसिबल, म्हणजे सिग्नल मोजायच्या एस-युनिट या टप्प्याच्या अर्ध्याचा. त्यापेक्षा उंचीचा उपयोग मोठा. राजहंसगडावरून दूरवर जाणारा तोच संच चोर्ला घाटाच्या वळणात डोंगराआड मुका होतो. एको आणि ‘रॉजर बीप’ (बोलणे संपताच वाजणारा बीप) यांचे सर्किट बसवणे ही हौस, तिच्याबद्दल अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

कामाचा फेरबदल एकच : संच हौशी रेडिओच्या २८ ते २९.७ मेगाहर्ट्झच्या, दहा मीटर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पट्ट्यात नेणे. त्यासाठी हौशी केंद्राचा परवाना हवा, आणि मग बाहेरचा अँटेनाही लावता येतो. पीएलएल संचात हे तुलनेने सोपे. क्रिस्टलच्या संचात नवे क्रिस्टल घडवून घ्यावे लागतात, शिवाय कॉइल पुन्हा जुळवावी लागतात. २३ चॅनेलांच्या धडधाकट संचावर हा खटाटोप करू नये, त्यात त्याची मूळ रचनाच जाते. गाडीचा असा संच डमी लोडवर जुळवून केवळ ऐकण्यासाठी ठेवावा. सुमारे ११ वर्षांच्या सौरचक्राच्या भराच्या काळात हा पट्टा दिवसा हजारो किलोमीटरवरचे आवाज आणतो. अँटेना मात्र उद्यमबागेसारख्या कारखान्यांच्या वस्तीपासून लांब हवा. वेल्डिंग, मोटारी आणि हलक्या एलईडी दिव्यांचा खरखराट एएम संचात, म्हणजे आवाजाने लहरीची उंची कमीजास्त करणाऱ्या संचात, सरळ शिरतो.