नळजोडणी-नियमन, मुंबई

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत पाण्याची व मलवाहिनीची जोडणी देणे, तिचे मापन करणे, तिला अटी घालणे आणि प्रसंगी ती तोडणे यांसंबंधीची कायदेशीर व्यवस्था. मुख्य आधार मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ हा होय. राज्यातील इतर महानगरपालिकांना १९४९ चा वेगळा अधिनियम लागू आहे. पाणीपुरवठा जल अभियंता खात्याकडे असून मलनिःसारणाचे काम स्वतंत्र खाते पाहते.

या व्यवस्थेचा आरंभ कोठून धरावा, हे नियमन कशाला म्हणायचे यावर ठरते. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या कॉन्झर्व्हन्सी बोर्डापासून तो धरता येतो. परंतु त्या वेळी शहर विहिरी व तलावांवरच अवलंबून होते आणि बोर्डाचा भर मुख्यतः साफसफाईवर होता. विहार तलावातून शहराला पाणी आणण्याच्या योजनेचे काम १८५६ मध्ये सुरू झाले व पाणी १८६० च्या सुमारास शहरात आले. १८६५ च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनरचे पद निर्माण झाले (पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड). त्या कायद्यापासून आरंभ मानण्यास आधार आहे. तथापि जोडणी, मीटर, घरमालकावरील सक्ती आणि तोडणी ही अंगे १८८८ च्या अधिनियमात सुसंगतपणे एकत्र येतात, म्हणून तेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. तुळशी तलावाबाबत १८७२ व १८७९ अशी दोन्ही वर्षे आढळतात. पहिले कामाच्या प्रारंभाचे, दुसरे पूर्ततेचे असावे. तानसाचे पाणी १८९२ च्या सुमारास मिळू लागले.

अंमलबजावणीचा सर्वांत गाजलेला वाद नळांचा नव्हे, विहिरींचा आहे. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाचा संबंध विहिरींत वाढणाऱ्या ॲनॉफिलीस स्टिफेन्साय जातीच्या डासांशी जोडला. त्यानंतर विहिरी बुजवा किंवा डासरोधक झाकणाने बंद करा, अशी सक्ती मालकांवर होऊ लागली. पारशी व हिंदू मालकांनी धर्मकृत्यांना पंपाने उपसलेले किंवा नळाचे पाणी चालत नाही, असा आक्षेप घेतला. काही ठिकाणी बारीक तारेच्या जाळीची उघडझाप करता येणारी झडप बसवून तडजोड झाली. या मोहिमेमागे नळाच्या पाण्याची मक्तेदारी प्रस्थापित करण्याचा हेतू होता, असाही अर्थ लावला जातो; मात्र मोहीम बेंटली यांच्या अहवालाच्या पाठोपाठ आली हे पाहता आरोग्याचे कारण निव्वळ सबब मानणे कठीण आहे. चर्चगेटजवळची भिका बेहरामची विहीर (१७२५) अद्याप वापरात आहे. गच्चीवरच्या टाकीला घट्ट झाकण व तपासणीसाठी शिडी हवी, हा आजचा कीटकनाशक खात्याचा आग्रह त्याच परंपरेतला.

जोडणीचे काम परवानाधारक प्लंबरमार्फत होते. मालमत्ता कराच्या देयकात जलकर, जललाभ कर, मलनिःसारण कर व मलनिःसारण लाभ कर ही नावे दिसतात; मीटरवरील आकारणी निराळी. थकबाकी, अपव्यय किंवा दूषितीकरण झाल्यास पाणी तोडण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. पाणी ठरावीक वेळीच सुटते आणि वेळ संपली की चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो. अशा वेळी जोडणीलाच थेट मोटार लावून पाणी खेचले तर जलवाहिनीत ऋण दाब (बाहेरच्यापेक्षा कमी दाब) निर्माण होतो व शेजारच्या गटाराचे पाणी गळक्या सांध्यातून आत शिरते. म्हणूनच अशा मोटारी जप्त केल्या जातात. यात केवळ पाणीचोरीचा प्रश्न नाही.

झोपडपट्ट्यांत जोडणीचा हक्क दीर्घकाळ वास्तव्याच्या पुराव्याशी बांधलेला होता. त्यापूर्वीपासून राहत असल्याचे दाखवावे लागे अशी प्रसिद्ध तारीख १ जानेवारी १९९५ ही होय. पाणी हक्क समितीच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये हा संबंध अमान्य केला. पिण्याचे पाणी हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग असून बांधकाम अनधिकृत आहे एवढ्यावरून ते पूर्णपणे नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मात्र अधिकृत रहिवाशांइतकाच हक्क त्यांना आहे असे मानले नाही आणि जादा दराची मुभा ठेवली. २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण जाहीर झाले.

मलवाहिनीच्या बाबतीत सक्तीची दिशा उलटी आहे: पाण्यासाठी नागरिक अर्ज करतो, येथे पालिका मालकाला जोडणी घ्यायला लावते. महापालिकेची वाहिनी शंभर फुटांच्या आत असल्यास तसा आदेश देता येतो. मूळ अधिनियमात मैला वाहून नेण्यासाठी ‘हलालखोर कर’ होता. प्रक्रिया करून सोडलेल्या मलजलावर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची देखरेख असते, म्हणजे येथे महापालिका स्वतःच नियमनाखाली येते. हाताने मैला साफ करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मलवाहिनीत मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये ठरवले.