कॅसेटचा टीव्ही गेम (इंदूर)

कॅसेटचा टीव्ही गेम : दूरचित्रवाणी संचाला जोडून, बदलत्या कॅसेटवरील खेळ खेळण्याचे आठ-बिटी यंत्र. निन्टेंडो या जपानी कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी बाजारात आणलेल्या ‘फॅमिली कॉम्प्युटर’ (फॅमिकॉम) या यंत्राच्या नकला भारतात या वर्गात मोडतात. लिटल मास्टर, मीडिया, टर्मिनेटर ही खोक्यांवर आढळणारी काही नावे. इंदूरच्या मराठी घरांतून अशी यंत्रे अजून माळ्यावर निघतात आणि ती चालू करता येतात; म्हणून येथे रचना व दुरुस्तीला अधिक जागा दिली आहे.

उगम व काल : भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये सुरू झाले. ‘समुराई’ या नावाने निन्टेंडोचे अधिकृत यंत्र १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात विकले गेल्याचे सांगितले जाते, आणि त्यावरून येथील सर्वच यंत्रांचे मूळ त्या अधिकृत यंत्रात शोधण्याकडे काहींचा कल आहे. दुसऱ्या मतानुसार, घरोघरी पोचलेली यंत्रे तैवानी चिपांवर बेतलेली असून त्यांचा प्रसार साधारणतः १९९० नंतरचा. यंत्राच्या आतील पुरावा या दुसऱ्या मताकडे झुकतो.

हा पुरावा कालगतीचा आहे. जपानी-अमेरिकी यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे काढते. भारतातील पाल पद्धतीचा टीव्ही ६२५ ओळींचा आणि ५० हर्ट्‌झचा. युरोपसाठी निन्टेंडोने वेगळी चिप बनवली आणि तिच्या प्रोसेसरचा वेग १.७९ वरून १.६६ मेगाहर्ट्‌झवर आणला. तैवानच्या यूएमसी कंपनीने यूए६५२७पी हा प्रोसेसर व यूए६५३८ ही चित्रचिप या जोडीत निराळा मार्ग घेतला : प्रोसेसर १.७७ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे जवळजवळ मूळ वेगावर ठेवला आणि ५० हर्ट्‌झसाठी लागणाऱ्या ५० जादा ओळी चित्र संपल्यानंतर, पण प्रोसेसरला त्याची सूचना जाण्यापूर्वी, रिकाम्या सोडल्या. त्यामुळे ६० हर्ट्‌झसाठी लिहिलेल्या खेळांना आपण परक्या टीव्हीवर आहोत हे फारसे जाणवत नाही. युरोपीय यंत्रावर असे काही खेळ चित्राच्या ओळीओळीशी बांधलेल्या वेळापत्रकामुळे मध्येच फाटलेले दिसतात.

दोन्ही प्रकारांत खेळाची चाल एक-षष्ठांशाने मंदावते. म्हणून ‘आपला मारिओ हळू पळत असे’ या आठवणीवरून यंत्राचे कूळ ठरत नाही. ठरते ते स्वरावरून. यंत्रातील चौकोनी लहरीची कंप्रता प्रोसेसरच्या वेगाला, चिपच्या नोंदवहीतील (रजिस्टरमधील) अंकात एक मिळवून त्याच्या सोळापटीने भागून येते. अंक २५३ असेल तर मूळ जपानी यंत्रात सुमारे ४४० हर्ट्‌झ, यूएमसी जोडीत ४३६ आणि युरोपीय यंत्रात ४०९. पेटीशी किंवा मोबाइलमधील ट्यूनरशी ताडून पाहिल्यास ४३६ चा स्वर जेमतेम उतरलेला वाटतो, ४०९ चा अर्ध्या स्वराहूनही अधिक खाली येतो. कसोटीसाठी कॅसेट जपानी वा अमेरिकी आवृत्तीची हवी, कारण युरोपीय आवृत्तीत हे अंक कधीकधी बदललेले असतात. लय मंद पण स्वर जवळजवळ जागेवर, असे आढळल्यास यंत्र तैवानी कुळातील मानण्यास हरकत नाही.

रचना : जुन्या नकलांत वरील दोन चाळीस-पायी चिपा, प्रत्येकी दोन किलोबाइटच्या दोन स्मृतिचिपा आणि ७४ मालिकेतील काही साध्या चिपा सुट्या दिसतात. नंतरच्या यंत्रांत हे सर्व एका काळ्या इपॉक्सी (कडक राळेच्या) गोळ्याखाली गेले. सुटी चिप बदलता येते; गोळा मेला की बोर्ड संपला. म्हणून जुना, जड बोर्ड जपून ठेवण्याजोगा आहे.

कॅसेटला ६० संपर्कपट्ट्या असतात. लांबीच्या एका भागात प्रोसेसरच्या, दुसऱ्या भागात चित्रचिपच्या तारा येतात. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) हा पूर्ण खेळ ४० किलोबाइटांत बसतो : ३२ आज्ञावलीसाठी, ८ चित्रांसाठी. ‘९९९९९९९ इन १’ असे छापलेल्या कॅसेटवर प्रत्यक्षात मोजकेच लहान खेळ असतात. बाकी नोंदी त्याच खेळांच्या, निराळ्या पातळीपासून सुरू होणाऱ्या.

बिघाड : खेळ सुरूच न होता एकरंगी पडदा राहिला तर दोष बहुधा प्रोसेसरकडील पट्ट्यांत. खेळ चालतो, आवाज येतो, पण चित्रे तुकड्यांची दिसतात, तर चित्रचिपकडील. चित्र ठीक आणि आवाज नाही, ही तक्रार अनेकदा बोर्डावर ढकलली जाते. वास्तविक फॅमिकॉममध्ये आवाज ४५ व्या पट्टीतून कॅसेटमध्ये जाऊन ४६ व्या पट्टीतून परत येतो, आणि हीच मांडणी ठेवलेल्या नकलांत तेवढ्या दोन पट्ट्या मळल्या तरी यंत्र मुके होते.

कॅसेटमध्ये फुंकर मारण्याची सवय सर्वत्र आहे. गुण येतो तो कॅसेट काढून पुन्हा बसवल्याने, कारण त्यात पट्ट्या घासल्या जातात. फुंकरीतील ओल मात्र तांब्याला हिरवट गंज चढवते, आणि माळव्याच्या पावसाळ्यात तो लवकर चढतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापसाची काडी बुडवून पट्ट्या लांबीच्या दिशेने पुसाव्यात, दहा मिनिटे वाळू द्याव्यात. सँडपेपर कधीही वापरू नये. खोडरबरही टाळावे, सोन्याचा मुलामा इतका पातळ असतो की दोन-चार वेळांत उघडे तांबे दिसू लागते.

वीजपुरवठ्यात सर्वाधिक यंत्रे मरतात. मूळ फॅमिकॉमच्या अडॅप्टरच्या पिनीत ऋण टोक मध्यभागी असते; नकलांत दोन्ही प्रकार आढळतात आणि उलट जोडणी थोपवणारा डायोड पुष्कळदा वगळलेला असतो. मीटरने खूण पटवल्याशिवाय अडॅप्टर लावू नये. आतला ७८०५ रेग्युलेटर ५ व्होल्ट देतो. त्याला किमान ७ व्होल्ट लागतात, आणि ९ व्होल्टवर ३५० मिलिअँपिअरला तो सुमारे १.४ वॉट उष्णतेत घालवतो. जुना ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर हलक्या भारावर १२-१३ व्होल्टही देतो. त्याऐवजी ९ व्होल्ट, १ अँपिअरचा स्थिर एसएमपीएस (जड ट्रान्सफॉर्मरविना चालणारा इलेक्ट्रॉनिक अडॅप्टर) लावावा. चित्रावर आडवे पट्टे सरकत असतील तर रेग्युलेटरच्या आधीचा कपॅसिटर सुकलेला असतो; तेथे १००० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टचा, ध्रुव पाहून बसवावा. असे भाग जेल रोड परिसरातील इलेक्ट्रॉनिक दुकानांत विचारावेत.

खेळाच्या रिमोटचे (हातात धरायच्या बटणपेटीचे) एकच बटण चालत नसेल तर रबराखालील कार्बनची गोळी झिजलेली असते. सर्वच बंद असतील तर वायर तपासावी : पाच तारा असतात आणि त्या बहुधा रिमोटच्या तोंडाशी तुटतात. वायर शाबूत निघाल्यास रिमोटमधील ४०२१ ही चिप बदलावी.

नव्या टीव्हीशी जोडणी : अँटेनाच्या मार्गाने चॅनल शोधण्यापेक्षा एव्ही निवडावे. अलीकडच्या संचांत तीन रंगांच्या खोबणींऐवजी ३.५ मिमीचे एकच भोक असते आणि त्यातील कड्यांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. पडदा काळा आणि स्पीकरमधून गुणगुण आली तर पिवळी पिन दुसऱ्या रंगाच्या टोकात लावून पाहावी. तरीही जमले नाही तर भूतार (ग्राउंड) चुकीच्या कड्यावर आहे. केबलच बदलावी लागते. काही संच या यंत्राचा ३१२ ओळींचा सलग संकेत आंतरगुंफित (इंटरलेस्ड, म्हणजे एकाआड एक ओळींचा) समजून चित्र थरथरवतात किंवा ‘नो सिग्नल’ दाखवतात. हा यंत्राचा दोष नव्हे.

बंदूक व काचनळी : बंदुकीचा खेळ (उदा. ‘डक हंट’, १९८४) एलसीडीवर चालत नाही. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, मग लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीतील प्रकाशसंवेदक ठरलेल्या चित्रातच तो उजेड शोधतो, आणि नव्या पडद्याला तेवढा उशीर होतो. त्यामुळे चालू काचनळीचा (जुन्या पिक्चर ट्यूबचा) संच हाच या खेळाचा दुर्मीळ भाग ठरला आहे. इंदुरात घरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो आणि ई-कचरा त्यांपैकी एक. काचनळीच्या काचेत शिसे असल्याने मेलेला संच तेथेच जायला हवा. पण चालणारा संच त्या गाडीत घालण्याआधी एखाद्या गेम बाळगणाऱ्यास विचारावे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. नळीवर संच बंद केल्यावरही उच्च दाबाचा विद्युतभार राहतो. मागचे झाकण कारागिरानेच उघडावे.

कायदा : प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७, कलम ५२(१)(कक) नुसार संगणक-आज्ञावलीच्या कायदेशीर प्रतीचा धारक नाशापासून संरक्षणापुरती बॅकअप प्रत करू शकतो. ‘इन १’ कॅसेट बहुतांशी विनापरवाना असल्याने ही मुभा तिला लागू पडणे कठीण.